रोहिणखेडला न आलेला व्यापारी

रशियात व्होल्गा नदीच्या काठी त्वेर नावाचं एक शहर आहे. बुलढाणा जिल्ह्यात त्या शहराबद्दल माझ्याइतकं कोणी बोललेलं नसेल. तेरा वर्षं बोललो. चिखलीत बोललो, मेहकरला बोललो, मोताळ्याच्या आठवडी बाजारात भेंडी निवडत उभ्या असलेल्या बाईशीही बोललो. मी ते शहर एकदाही पाहिलेलं नाही. हौसेनं पासपोर्ट काढला होता, तो आजही कोरा आहे.

संपादक फोनवर म्हणाले, "सर, तुमच्या धंद्यातले गमतीचे अनुभव लिहा. दिवाळीत लोकांना जरा हलकंफुलकं लागतं." गमतीचे आहेत, ते आधी सांगून टाकतो. पण मी हो म्हणालो ते गमतीसाठी नाही, हे संपादकांना मजकूर हातात पडल्यावरच कळेल. त्यांची मी आधीच माफी मागतो.

मी मूळचा इतिहासाचा शिक्षक. शाळा विनाअनुदानित, म्हणजे फळा, खडू आणि मास्तर तिन्ही संस्थाचालकांच्या मर्जीवर. कंटाळून ती सोडली आणि बुलढाण्याच्या बस स्टँडसमोर, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत पाटी लावली : 'परदेशात वैद्यकीय शिक्षण, संपूर्ण मार्गदर्शन'. धंदा समजायला सोपा आहे. डॉक्टर व्हायचं म्हणून परीक्षा देणारी पोरं ढीगभर, सरकारी जागा मूठभर, आणि खाजगी कॉलेजचा आकडा ऐकून बाप पाणी मागतो. मग कोणीतरी सांगतं, रशियात सहा वर्षांत डॉक्टर होता येतं. हे 'कोणीतरी' म्हणजे मी. माझ्या वर दिल्लीत एक एजंट, त्याच्या वर मॉस्कोत आणखी एक. कॉलेजचं पत्र आणायचं, व्हिसाचे कागद करायचे, बॅगांची वजनं करायची आणि विमानतळाच्या काचेला चिकटून रडणाऱ्या आईला बाजूला घ्यायचं, एवढं माझं काम.

यात कसब एकाच ठिकाणी लागतं. बाप कॉलेजची चौकशी करतो; त्याला दहा मिनिटं पुरतात. आई शहराची चौकशी करते. तिथे पाणी कसं आहे, बाया कशा आहेत, पोरीला ताप आला तर खिचडी कोण करून देईल. म्हणून मी एक सोळा पानी पुस्तिका छापली : 'त्वेर : नदीकाठचं दुसरं घर'. शहराचा इतिहास आणि ओळख, सगळं माझ्या हातचं. इकडून तिकडून वाचून लिहिलं होतं, पण वर्गात शिकवायचो त्या ठसक्यात. मला त्या पुस्तिकेचा फार अभिमान होता.

त्यातलं बरंचसं खरंही होतं. त्वेर हे मॉस्कोहून दोनेक तासांवर. व्होल्गेला तिथे आणखी दोन लहान नद्या येऊन मिळतात. एके काळी त्वेरचं स्वतंत्र राज्य होतं आणि मॉस्कोशी त्याची बरोबरी चालायची. मॉस्को जिंकलं, त्वेर मागे पडलं. पुढे एका आगीत गाव जळालं, तेव्हा राणीनं ते नव्यानं बसवलं. एका चौकातून तीन सरळ रस्ते निघतात, हाताची तीन बोटं पसरावीत तसे. कापसाच्या गिरण्या होत्या, आगगाडीचे डबे बनवण्याचा मोठा कारखाना आहे. मधली बरीच वर्षं शहराला एका पुढाऱ्याचं नाव होतं, मग लोकांनी जुनं नाव परत घेतलं. कापसाच्या गिरण्यांचं वाचून आमचे शेतकरी खूश व्हायचे. राजधानीनं मागे टाकलेलं गाव म्हटलं की बुलढाण्याच्या माणसाला ते लगेच आपलं वाटायचं. आमच्या जिल्ह्याच्या गावाला अजून रेल्वे नाही.

थंडीबद्दल मी लिहिलं होतं, 'आपल्या बुलढाण्यापेक्षा थोडी जास्त'. बुलढाणा घाटावर आहे, खालचे मलकापूरवाले इथल्या थंडीचं कौतुक करतात, त्यामुळे वाक्य पटून जायचं. पहिल्याच बॅचमधल्या एका पोराचा डिसेंबरात फोन आला, "सर, नदी कुठं हाय? तुम्ही नदी म्हणले व्हते, इथं तं लोक तिच्यावरून चालून राह्यले." दुसऱ्या आवृत्तीत मी 'हिवाळ्यात नदीवरून चालण्याचा आनंद' अशी ओळ घातली. मुखपृष्ठावर नदीकाठच्या बोटींच्या स्थानकाचा फोटो होता, उंच मनोऱ्याची देखणी इमारत. ती इमारत पुढे ढासळली. मला कळलं होतं, पण पुस्तिकांचे गठ्ठे शिल्लक होते, ते संपेपर्यंत वाटत राहिलो.

गिऱ्हाइकं एकेक नग. मलकापूरचे एक गृहस्थ नकाशावर दोरा धरून बसले. "मलकापूरले स्टेशन हाय, त्वेरले स्टेशन हाय, मंग इमानात बसाचं काऊन?" देऊळगाव राजाच्या एका काकूंनी पोराच्या बॅगेत आठ किलो कुरडया भरल्या. मॉस्कोच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं एक कुरडई उजेडात धरली, मोडली, हुंगली. शेवटी पोरानं ती कच्चीच कडाकडा चावून खाऊन दाखवली तेव्हा सुटका झाली. हा किस्सा मी पुढच्या प्रत्येक आईला सांगितला, आणि प्रत्येकीनं तरीही कुरडया भरल्याच.

गमती संपल्या. आता रोहिणखेड.

रोहिणखेड हे मोताळा तालुक्यातलं जुनं गाव. तिथे एक जुनी, फार सुंदर मशीद आहे आणि तिच्यावर कोरलेला लेख आहे. गावात नाना म्हणून एक मानाचे शेतकरी. कपाशी, सोयाबीन, घर भरलेलं. त्यांची नात प्रणाली हुशार, पण सरकारी जागेसाठी गुण थोडे कमी पडले. सहा वर्षांपूर्वी नानांनी मला घरी बोलावलं. ओट्यावर सतरंजी टाकली होती. प्रणालीचे वडील आणि काका दोघंही तोंड फिरवून बसले होते. पोरीला इतक्या लांब, एकटीला धाडायचं नाही, यावर त्यांचं एकमत होतं. प्रणाली दाराआड उभी होती. निर्णय नानांचा होता आणि ती पोरगी श्वास रोखून उभी आहे, हे मला तिथून दिसत होतं.

नाना कॉलेजबद्दल काही बोलले नाहीत. त्यांनी विचारलं, "मास्तर, त्या गावाचं आन् आपलं कधी येणंजाणं व्हतं का?"

हा प्रश्न शहरातल्या वाचकांना कदाचित विचित्र वाटेल. आमच्याकडे पोरगी द्यायची तर आधी गाव बघतात. त्या गावचं कोणी आपल्याकडे दिलेलं आहे का, आपलं कोणी तिकडे जेवून आलेलं आहे का. ज्या गावाशी काहीच नातं नाही तिथे जुनी माणसं पोरगी देत नाहीत. नाना लग्नाचा नियम शिक्षणाला लावत होते आणि त्यांच्या दृष्टीनं त्यात काही वावगं नव्हतं.

माझ्याकडे उत्तर होतं. त्वेरचा एक व्यापारी पाचशेहून जास्त वर्षांपूर्वी खरोखरच आपल्याकडे आला होता. विकायला घोडा घेऊन चौलला उतरला, जुन्नरला पावसाळा काढला, मग बिदरला गेला. त्याचा पुतळा आज त्वेरला नदीकाठी उभा आहे. हे मी सांगितलं. नाना ऐकत होते.

"जुन्नर तं लांब हाय," ते म्हणाले.

एवढंच म्हणाले. आणि मी, चौदा वर्षं पोरांना इतिहास शिकवलेला माणूस, पुढचं वाक्य बोललो. "नाना, तो बिदरहून बऱ्हाणपूरच्या वाटेला लागला. ती वाट कुठून जाते ते तुम्हाला माहीत आहे. तो रोहिणखेडला थांबला होता. तुमच्या मशिदीत त्यानं मुक्काम केला. गावानं त्याला जेवू घातलं."

असं कुठेही लिहिलेलं नाही. तो माणूस या भागात फिरकल्याचा कागद नाही. मला ते वाक्य कुठून सुचलं हे आठवत नाही, पण बोलताना मजा वाटली, हे मात्र आठवतं.

नाना मुलांकडे वळून म्हणाले, "म्हंजे त्या गावच्या माणसानं आपलं मीठ खाल्लं हाय. ते लोक आपल्या पोरीले उपाशी ठेवणार नाईत. जाऊ द्या तिले."

दाराआड बांगड्या वाजल्या. मी चहा प्यालो आणि खुशीत घाट चढून घरी आलो.

इथवर कदाचित कोणी मला माफही करेल. पोरगी शिकली, असं म्हणेल. पण ती निघण्याच्या दिवशीचं अजून सांगायचं आहे.

ओट्यावर अर्धं गाव जमलं होतं. नानांनी व्यापाऱ्याची गोष्ट एव्हाना सगळ्यांना सांगितली होती आणि आता मला सांगायला लावली. मीही तिखटमीठ लावून सांगितली. मशिदीच्या कमानीखाली त्यानं घोडा बांधला, असंही म्हणालो. विकायला आणलेला घोडा बिदरच्या पुढे कशाला आला असेल, देव जाणे. गर्दीत युसूफचाचा होते. ते मशिदीची झाडलोट करतात. शिकले उर्दू शाळेत, मराठी वाचता येत नाही, पण त्या दगडावरचा लेख त्यांना तोंडपाठ आहे, त्यांच्या वडिलांनी बोट धरून शिकवलेला. नानांचे ते लहानपणापासूनचे दोस्त. रोज संध्याकाळी त्याच ओट्यावर दोघांचा चहा व्हायचा.

चाचा हळूच म्हणाले, "मास्तर, माफी करा. पन मशीद तं नंतरची हाये. पत्थरावर साल लिवलं हाये. माह्या बापानं हिशोब करून सांगतला व्हता. तुमच्या त्या मानसाच्या सालाशी लावून पाह्यला, तं त्याच्या मांगून शंभरावर वर्सं झाल्यावर बांधली."

ते बरोबर बोलत होते. हिजरी साल इसवीत कसं बसवायचं, हे मी स्वतः नववीच्या पोरांना फळ्यावर करून दाखवलेलं आहे. एका क्षणात मी मनात हिशोब केला आणि मला कळलं की चाचा बरोबर आहेत. मला एवढंच म्हणायचं होतं, 'अरेच्या, मग मशीद नसेल, दुसरीकडे कुठे उतरला असेल.' खोटं झाकायला तेवढंही पुरलं असतं.

पण गर्दी होती, आणि माझी जीभ हजरजबाबी म्हणून जिल्ह्यात प्रसिद्ध. मी म्हणालो, "चाचा, ते हिजरी साल. चंद्राचं. तुमची ईद नाही का दर वर्षी दहा-बारा दिवस सरकत? तसं पाचशे वर्षांत दगडावरचं सालही सरकलं असेल!"

ओटा हसला. नानाही हसले, मांडीवर थाप मारून. चाचा हसले नाहीत. त्यांनी प्रणालीच्या डोक्यावर हात ठेवला, "सलामत जा, बेटा," म्हणाले आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. दुसऱ्या वर्षी प्रणालीनं त्या पुतळ्यासमोर, नव्यानं शिकलेल्या रशियन भाषेत, कॉलेजातल्या सगळ्यांना रोहिणखेडची गोष्ट सांगितली. इतिहास शिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी तिला मिठी मारली. मग नकाशा आणून बोट फिरवत गेल्या आणि हळूच म्हणाल्या, बाळ, तो तिकडे गेला नव्हता. प्रणालीनं मला फोन केला. मी म्हणालो, "त्यांना काय माहीत रोहिणखेड!" तिनं फोन ठेवला. नंतर आधी साथ आली, मग युद्ध. पोरांना परत आणायचं की नाही, विमानं कुठून फिरवायची, यात माझी दोन-तीन वर्षं गेली. त्या धावपळीबद्दल लोक माझं कौतुक करतात आणि मी ते करू देतो. शेवटी मी खोली रिकामी केली, पाटी काढली.

या उन्हाळ्यात प्रणाली डॉक्टर होऊन आली. बुलढाण्याला माझ्या घरी आली, पाया पडली, आणि समोर बसून म्हणाली,

"सर, नाना फाट्यावर पाटी लावून राह्यले. संगमरवराची. तो व्यापारी आपल्या गावात उतरला व्हता म्हनून. दिवाळी झाली का बसवणार हायेत."

मी म्हणालो, "म्हाताऱ्या माणसाची हौस आहे."

"युसूफचाचा सहा वर्सं झाले ओट्यावर आले नाईत," ती म्हणाली. "नाना म्हनतात, त्याले माह्या पोरीचं चांगलं पाहावलं नाई. आई सांगते, नाना संध्याकाळी दोन कप चहा सांगतात, आन् मंग दोन्ही सोताच पितात."

"तू सांग ना त्यांना," मी म्हणालो.

"मी नाई सांगणार. मले त्या गोष्टीवरच धाडलं त्यायनं. मी सांगतलं तं त्यायले वाटंल, पोरगी शिकून आली आन् आजोबाले खोटं पाडून राह्यली. सर, हे तुमी सांगतलं पायजे. पाटी बसायच्या आधी."

दुसऱ्याच आठवड्यात मी एसटीनं निघालो. राजूर घाट उतरताना मी वाक्यं घोकत होतो. 'नाना, माझी एक चूक झाली.' नाही, चूक नव्हती. 'नाना, मी खोटं बोललो.' मोताळा येईपर्यंत ते वाक्य पाठ झालं होतं.

नाना आता थकले आहेत, पण मला पाहून उठून उभे राहिले. "बरं झालं आले, मास्तर! मी बोलवणारच व्हतो." आतून कागद आणि पेन मागवलं. "पाटीवरचा मजकूर तुमीच लिवा. तुमच्यासारखं मराठी आपल्या इथं कोनाले येते?"

मी कागद हातात घेतला. आता सांगायचं, असं ठरवलं. आणि लिहिला मजकूर. सुबक, चार ओळींचा. 'व्होल्गाकाठच्या त्वेर नगरीचा प्रवासी' अशी सुरुवात केली. एक शब्द खोडून दुसरा चांगला घातला. नानांनी वाचला, डोळे पुसले, आणि खाली माझं नाव घालायला सांगितलं. मी नाव घातलं.

बसला वेळ होता म्हणून मशिदीकडे वळलो. खरं तर फाट्याकडे जायला हवं होतं, पण पाय मशिदीकडेच गेले. चाचा पायऱ्यांवरचा पालापाचोळा झाडत होते. मला ओळखायला त्यांना जरा वेळ लागला.

"मास्तर? या. नाना बरे हायेत ना? खोकला व्हता म्हन्ते त्यायले."

पन्नास पावलांवरच्या दोस्ताची तब्येत ते मला, बुलढाण्याहून आलेल्या माणसाला, विचारत होते. बरे आहेत, म्हणालो.

"पोरगी डाक्टर झाली. लई चांगलं झालं." झाडू भिंतीला टेकवून ते जवळ आले. "मास्तर, एक इचारू का? तुमी तवा म्हनले व्हते ना, साल सरकते. मी तवापासून बसून मोजतो. मले काई ते सरकलेलं दिसत नाई. पन तुमी शिकेल मानूस. माह्या बापानं मले चुकीचं सांगतलं असंल का?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. सहा वर्षं हा माणूस माझ्या एका विनोदापायी आपल्या बापाचा हिशोब तपासत बसला होता.

मी काय केलं? मी घड्याळ पाहिलं. "बस येईल आता," म्हणालो, आणि निघालो. मागून चाचा म्हणाले, "च्या तं घ्या." मी वळलो नाही.

तेरा वर्षं मी एक शहर न पाहता सांगितलं, याची मला तितकीशी लाज वाटत नाही; शहर तरी आपल्या जागी होतं, पोरांनी जाऊन पाहिलं आणि मला शिव्या दिल्या, हिशोब फिटला. लाज वाटते ती त्या हसलेल्या ओट्याची, आणि त्या घड्याळाकडे पाहण्याची. समोर माणूस असला की माझी जीभ खोटं बोलते, हे मला आता नीट कळलं आहे. म्हणून हे लिहून देतो आहे.

रोहिणखेडच्या वाचनालयात हा अंक दर दिवाळीला येतो आणि तो सगळ्यात आधी नाना वाचतात, भिंग धरून, पहिल्या पानापासून. तर नाना, ती पाटी बसवू नका. त्वेरचा तो व्यापारी रोहिणखेडला आला नव्हता. तुमच्या गावानं त्याला जेवू घातलं नाही. ते सगळं मी तुमच्या ओट्यावर बसून रचलं. तुमच्या पोरीला त्या शहरानं सांभाळलं ते तुमचं मीठ न खाता सांभाळलं. मजकुराचा कागद फाडून टाका. त्याखाली माझं नाव आहे, ते तर आधी.

आणि एक काम करा. चाचांना मराठी वाचता येत नाही. पुढची ओळ त्यांच्यासाठी आहे, ती तुम्हालाच त्यांना वाचून दाखवावी लागेल. त्यासाठी तुम्ही मशिदीकडे जा किंवा त्यांना ओट्यावर बोलवा, ते तुमचं तुम्ही ठरवा.

चाचा, दगडावरचं साल सरकत नाही. तुमच्या वडिलांनी बरोबर सांगितलं होतं.